माईकमामाचा खर्राबंद टोप

माईकमामाला माईक लागत नसे. आमच्या भागातल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोड्यांची नावं पुकारायचं काम त्याचं. आयोजक हौसेनं त्याच्या हातात माईक द्यायचे. तो माईक शेजारच्या माणसाकडे धरायला देऊन मामा मोकळ्या गळ्यानं सुरू व्हायचा. "हरण्या सुटला रे बाप्पा, काजळ्यानं कान टवकारले, आता पाह्यजा!" जोडी धावायची ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण मामाच्या तोंडून ती पुढे आठवडाभर आमच्या गावच्या, बोरी अरबच्या चौकात धावत राहायची. माझ्या अंगावर तेव्हा काटा यायचा आणि हे लिहितानाही येतोय.

बैलांची नावं त्याला सगळी पाठ. माणसांची मात्र एकही धड नाही. मी त्याची सख्खी भाची, नाव मयूरी, पण जन्मापासून तो मला माधुरी म्हणत आला. मी चिडायचे. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "माणसाचं नाव चुकलं त चालते. बैलाचं नाव चुकलं नाई पाह्यजे." बैल स्वतः येऊन भांडू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. भांडायला मी होतेच, पण मी जिंकले कधीच नाही.

पटाचा मोसम सोडला तर मामा फवारणीचे पंप दुरुस्त करत मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा. त्या हिंडण्यात त्याला सोबत होती खर्र्याची. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो तो खर्रा. गाडीला किक मारायच्या आधी एक चिमूट गालात जायची आणि मग दारव्ह्याच्या रस्त्यावर डाव्या बाजूला मामाची पिचकारी ठरलेली. चालत्या गाडीवर तोंड रिकामं राहतं, मग करायचं काय, असं तो विचारायचा. जणू बाकीचे लोक गाडी चालवताना जेवतच असतात.

एकदा बाजारात मी त्याला गुपचूप खायला घातलं. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचूप म्हणतात. पुरी तोंडाशी गेली आणि तिथेच अडली. मामाचा जबडा उघडेचना. त्यानं हसत पुरी बोटानं फोडली, तुकडे खाल्ले आणि पाणी चहासारखं प्यायला. आम्ही कुणीच हसलो नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खर्रा थांबला नाही तर तोंड असंच आवळत जाईल.

पुढे लवकरच हेल्मेट घ्यायचं ठरलं, कारण रस्त्यावर पोलीस अडवायला लागले होते. मामा, मामी आणि मी, आम्ही तिघं यवतमाळला गेलो. दुकानात शिरल्याबरोबर मामाच्या अंगात पट संचारला. त्यानं काउंटरवर चार हेल्मेटं ओळीनं मांडायला लावली आणि पुकारायला सुरुवात केली. पहिली टोपी, नुसतं टाळकं झाकणारी, वजनाला हलकी अन् कामाला त्याहून हलकी. दुसरं उघड्या तोंडाचं, वारा खात जाणारं. तिसरं हनुवटीसकट बंद, नवरदेवासारखं अवघडलेलं. रस्त्यावरची माणसं दुकानात डोकावायला लागली. चौथ्यापाशी दुकानदारानं एक बटण दाबलं आणि हेल्मेटचा पुढचा जबडाच खट्कन वर उचलला गेला.

मामानं पुकारणं सोडलं. मग त्यानं ते डोक्यावर चढवलं, बटण दाबलं, जबडा वर केला, मान डावीकडे वळवली, पुन्हा जबडा खाली. दोन-तीनदा हीच कवायत. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, बनवणाऱ्यानं आपल्याला डोळ्यापुढे ठेवूनच हे बनवलं अशी त्याची खात्री पटली. ती डावीकडची मान कशासाठी हे मला कळलं आणि मामीला माझ्याआधी कळलं. तिनं तिसरं, बंद हेल्मेट उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"डोकं फुटलं त टाके मारता येतीन," ती म्हणाली. "तोंड बंद झालं त पटावर कोन बोलन?"

मामानं जबड्याचं हेल्मेट हळूच खाली ठेवलं, एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि बंद हेल्मेट बगलेत मारलं. रंग मात्र स्वतः निवडला, काळा, काजळ्याचा.

हेल्मेट बदललं म्हणून सवय थोडीच बदलते? नव्या हेल्मेटच्या पहिल्याच आठवड्यात मामानं चिमूट गालात ठेवली, वरून हेल्मेट चढवलं, काच लावली आणि निघाला. दारव्ह्याच्या रस्त्यावर नेहमीच्या जागी मान डावीकडे वळली आणि नेहमीचं काम होऊन गेलं. काच आतून लालभडक. काही दिसेना म्हणून त्यानं गाडी थांबवली आणि निंबाखाली बसला. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनी पाहिलं ते एवढंच की माणसाच्या हेल्मेटात लाल भरलंय आणि तो बोलत नाहीये. बोलणार कसा, अर्धा खर्रा अजून तोंडात होता. त्यानं हात हलवले, तर त्यांना वाटलं तडफडतोय. दोघींनी त्याला धरून आडवा केला, एकीनं पदरानं वारा घातला, तिसरीनं त्याच्याच फोनवरून आमच्या घरी कळवलं.

मी मामीला स्कूटीवर मागे बसवून कशी तिथवर गेले ते मला आठवत नाही. मामीनं गर्दी सारली, हेल्मेट ओढून काढलं, नाकाशी नेलं आणि मटकन खाली बसली. "खर्रा व्हय," एवढंच म्हणाली. बाया आधी थिजल्या आणि मग अशा हसत सुटल्या की एकीच्या ओटीतला वेचलेला कापूस सांडला. मामाही हसायला लागला होता. पण त्याची नजर मामीच्या पायांकडे गेली. ती घरातून अनवाणीच निघाली होती, आणि रडत आली होती. मामाचं हसू तिथेच थांबलं. तो उठला, बोअरवर जाऊन चूळ भरली, हेल्मेट धुतलं आणि खिशातल्या खर्र्याच्या सगळ्या पन्न्या त्या निंबाखाली पुरल्या.

हेल्मेट कितीही धुतलं तरी वास जाईना. काच लावली की स्वतःच्याच पिचकारीचा वास नाकात. मामानं नवीन हेल्मेट घ्यायला नकार दिला. "हा वास माह्यं औषध हाय," म्हणाला. डॉक्टरांनी तोंड ताणायचा व्यायाम दिला होता, तो चारचौघात करायची त्याला लाज वाटायची. मग तोही हेल्मेटाच्या आत सुरू झाला. काच बंद करून, जबडा फाकवून मामा हरण्या-काजळ्याची नावं पुकारत गावोगाव हिंडू लागला. वाटेतल्या लोकांना नुसतं घुमल्यासारखं ऐकू यायचं. हळूहळू तोंड थोडं थोडं उघडू लागलं. आता आमच्या भागातल्या बाया नवऱ्याला घेऊन दुकानात जातात आणि सरळ खर्राबंद टोप दाखवा म्हणतात. दुकानदार काही न विचारता बंद हेल्मेट काढतो.

त्याच हिवाळ्यात पटाचा मोसम आला, तेव्हा मामा पटावर पुन्हा उभा राहिला आणि माईक शेजारच्याकडे धरायला दिला. मी रडले, हे सांगायला मला काही लाज नाही. पटानंतर लगेच मी नोकरीसाठी पुण्याला निघाले. दारव्ह्याच्या स्टँडवर मामा पोचवायला आला होता, हेल्मेट हातात, नेहमीसारखा 'माधुरी, माधुरी' करत. मी शेवटचं भांडून घेतलं आणि गाडीत बसले. एसटी हलली, वळणाला लागली, आणि मागून तो आवाज आला. सगळ्या प्रवाशांनी माना वळवल्या.

"सुटली रे बाप्पा, मयूरी सुटली! बोरीची मयूरी, आता पाह्यजा!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मामा रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि त्याचं तोंड चांगलं मोठं उघडलं होतं.