काम सांगणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट कोलकात्यातल्या खिदिरपूर या बंदराच्या वस्तीत, त्यांच्या दवाखान्यात झाली. मी जहाजावरचा इंजिनिअर. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या एका जहाजावर, परक्या बंदराबाहेर, आम्ही कित्येक महिने अडकून पडलो होतो. सुटून कोलकात्याला घरी आलो, तरी मी खोलीचे दार लावूनच बसत असे. शेवटी बायकोने अक्षरशः ओढत ताईंकडे नेले.

ताईंनी एकच प्रश्न विचारला, "इंजिनिअर ना तुम्ही? मग हा पंखा बघा बरं, फार खडखडतो."

मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन मी पंखा दुरुस्त करून आलो! पुढे कळले, की तो पंखा निम्म्या खिदिरपूरने दुरुस्त केलेला आहे. पण त्या रात्री मला झोप लागली, हे खरे.

ही रीत ताईंना अंटार्क्टिकाने शिकवली. तरुणपणी तिथल्या तळावर डॉक्टर म्हणून त्यांनी अख्खा हिवाळा काढला. सूर्य उगवत नाही, बाहेर पडायची सोय नाही. रेडिओ सांभाळणारे एक सहकारी खोलीबाहेर येईनासे झाले. सगळे मायेने त्यांचे ताट दाराशी ठेवून येत. एके दिवशी ताई ताटाऐवजी कात्री घेऊन गेल्या. "माझे केस फार वाढलेत, कापून द्या."

"मला येत नाही."

"इथे कुणाला येतं?"

त्या वेड्यावाकड्या केसांनिशी ताई जेवायला आल्या, आणि मागोमाग ते गृहस्थही, लोक काय म्हणतात ते ऐकायला! एकट्या पडलेल्या माणसाला नुसती सोबत पुरत नाही, आपली कुणाला तरी गरज आहे हे त्याला कळावे लागते, असे ताई सांगतात.

गेल्या वर्षी ताईंचे यजमान गेले. दवाखाना बंद झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सॉल्ट लेकच्या घरी ताई एकट्या. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या घरांनी पाळ्या लावून डबे पोचवले. ताई दारातूनच डबा घेत, "फार करता हो तुम्ही," म्हणत आणि दार लावून घेत. दिवसेंदिवस त्यांचे बोलणे कमी होत गेले, आणि मला भीती वाटू लागली. एकदा धुतलेला डबा परत घेताना डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्हीही दाराशी ताटच ठेवत होतो!

दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन गेलो. "ताई, केस कापून द्या."

"अरे, मला कुठे येतात कापता!"

"इथे कुणाला येतं?"

ताई हसल्या, मग रडल्या. मग म्हणाल्या, "खुर्ची घे. आणि मान हलवू नकोस."

आता दवाखाना पुन्हा उघडला आहे, पंखाही खडखडतो आहे. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या अमृतमहोत्सवाच्या छायाचित्रांत माझ्या डाव्या कानावर केस कमी दिसतील, त्याबद्दल न्हाव्याला बोल लावू नये. वसुधाताईंना निरोगी आयुष्य लाभो. केस कापण्यात त्यांचा हात बसेपर्यंत तरी त्यांनी आमच्यात असावे, आणि आजवरची प्रगती पाहता त्या शंभरी सहज ओलांडतील.