अक्कांचं घंगाळ

अर्धी गोष्ट माझ्या भावाला ठाऊक आहे. पूर्ण कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण — जाऊ द्या, कारण शोधत बसले तर पुन्हा गप्प बसेन.

आमच्या बारामतीच्या बंगल्यात दिवाळीच्या फराळाचं टेबल मीच मांडते. भिंतीलगत लांब टेबल, त्यावर जुनं-नवं मिसळून. चिनी मातीच्या नव्या पांढऱ्या ताटल्या, शेजारी सासूबाईंचा पितळी पानाचा डबा, तांब्यात उभे केलेले चमचे. आणि मधोमध मोठं पितळी घंगाळ, काठोकाठ झेंडू भरलेलं. कॉलनीतल्या बायका फोटो काढतात, कुठं मिळालं म्हणून विचारतात. मी सांगते, माझ्या माहेरी, भिगवणला, भंगारवाल्याकडं. थाप! आणि किती सफाईनं मारते!

ते घंगाळ माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आहे.

अक्कांच्या आईनं त्यांना रुखवतात दिलेलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी अक्का त्यातच काढायच्या. काठाखाली टिंबाटिंबांनी त्यांचं नाव घातलेलं. माझ्या रुखवतात सगळं स्टील — मला त्या पितळेचा भारी हेवा वाटायचा. सासरी, लोणी भापकरला, आम्ही वेगळे निघालो तेव्हा भांडी नावं बघून वाटली. जिचं नाव तिचं भांडं, म्हणजे तंटा नको. पण जे भांडं समोरच नाही, त्यावरचं नाव कोण वाचणार? मी ते आदल्याच आठवड्यात पोत्यात घालून भिगवणला भावाकडं पोचवलं होतं.

इथवर नुसती चोरी. तेवढी एखाद वेळी सांगूनही टाकली असती. पण पुढचं —

अक्कांनी सगळं घर पालथं घातलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की सासूबाईंनी मोडीत दिलं असेल. निघून गेलं कसलं? मी म्हणाले. ठरवून म्हणाले. सासूबाईंना तेव्हा विसर पडायला लागला होता, सकाळचं दुपारी आठवायचं नाही. म्हणून तर त्यांचं नाव घेतलं ना! म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं अक्कांपुढं हात जोडले. "मीच दिलं असंल, बाई. मला काय आठवत न्हाय."

अक्का त्यांच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. म्हातारी मात्र मला रोज विचारायची, "थोरली का गं बोलत न्हाय?" रोज नव्यानं. आणि मी? बोलतील हो, म्हणायचे, आणि कामाला लागायचे. सासूबाई गेल्या, तेव्हाही अक्का उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

मागच्या दिवाळीत अक्का न कळवता बंगल्यावर आल्या. दारात रिक्षा थांबलेली दिसली, तशी मी धावत जाऊन घंगाळ फिरवलं. नाव भिंतीकडं. अक्का थेट टेबलाशी आल्या. काठावर हात ठेवला, हात फिरवत फिरवत मागं न्यायला लागल्या. टिंबं वीतभर लांब राहिली असतील, तेवढ्यात हात थांबला.

"माझ्या आईचं असंच व्हतं, सुमन. म्हातारीनं मोडीत घातलं." मग डोळ्याला पदर लावला. "मी बी कसली बाई! तिच्या तोंडात शेवटचं पाणी बी घातलं न्हाय."

आता सांगायला आणखी काय हवं होतं? घंगाळ समोर, घरात आम्ही दोघीच. मी ताटली पुढं सरकवली. "चकली घ्या अक्का," म्हणाले, "खुसखुशीत झालीय."

आज त्या पुन्हा यायच्या आहेत. टेबल मांडून झालंय. घंगाळ ठेवताना मी आधी नाव पुढं ठेवलं. बघत उभी राहिले, बराच वेळ. दारात रिक्षा वाजली.

मी ते भिंतीकडं फिरवलं.