कोपराला लागणारी ऊब

काका बाही वर सरकवायचे आणि क्रेटमध्ये सरळ कोपर खुपसायचे. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, अगदी तसं. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ऊब हाय."

क्रेटमध्ये अळ्या असायच्या. एक काळी, लांबट माशी असते. ती घरात येत नाही, अन्नावर बसत नाही. तिच्या अळ्या. मासळीची घाण, भाजीचे देठ, फणसाची सालं-चारखंडं, जे टाकाल ते फस्त करायच्या. जोमात असल्या की क्रेट आतून तापायचं. मग त्या वाळवून कोंबड्यांचं खाद्य व्हायचं. पालीच्या रस्त्याला आमची शेड. त्यात आम्ही पाच बायका आणि काका. चौघी मिरकरवाड्याच्या, बंदरावर वाढलेल्या. मी एकटी शेतकऱ्याघरची.

कोपरच का, हे तुम्हीही विचारलं असतंत. काकांची उमेदीची वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली होती. लाद्या उचलून उचलून बोटं कायमची बधिर. विडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांना ते वासाने कळायचं. "बोटां मेली, पन कोपर जितं हाय," असं स्वतःच सांगून हसायचे.

मासळीचं पिंप आलं की त्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे. आम्ही तोंड फिरवायचो. खारवलेल्या मासळीचं पाणी असलं तर अळ्या मरतात, म्हणून ही चव. "मीठ आपल्याला चालतं, ह्यांना नाय," थुंकून सांगायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात होड्या बंद होत्या. बंदरावरून घाण मिळेना. सुकी मासळी करणाऱ्या एकाने मला पिंपभर माल देऊ केला, मी टेम्पोत घालून आणला. काका पलीकडे माश्यांच्या पिंजऱ्याची जाळी शिवत बसले होते. सुई बोटाला कळत नाही म्हणून एकेक टाका डोळ्यांनी बघून घालायचे. एक हाक मारायची, एवढंच होतं. त्यांना कशाला उठवायचं म्हणून मी पिंप सगळ्या क्रेटमध्ये वाटून ओतलं.

तिसऱ्या दिवशी काकांनी कोपर घातलं, ते बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, "थंड." दुसरं क्रेट, तिसरं क्रेट, सगळी तशीच. त्यांनी क्रेटमधलं ओलं बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. चौघी जमल्यावर म्हणाले, "माजी चूक. चव घ्यायला इसरलो."

मी मेलेल्या अळ्या उपसायला घेतल्या.

आता पिंजऱ्यातल्या माश्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या उन्हाशिवाय जुळत नाहीत, आणि जगतात जेमतेम आठवडाभर. त्यांनी अंडी घातली नाहीत तर वाण संपलं, शेडही संपली. आणि बाहेर आषाढ. उन्हाची तिरीप दिसली की काका पिंजरा उचलून अंगणात नेत, सर आली की पळत आत आणत. "काका, कोनाचं लगीन लावताय?" बायका विचारत. "मुहूर्तच गावत नाय," ते म्हणत. पाचव्या दिवशी, अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांच्या फटीत पिवळट अंडी दिसली. काका भिजलेल्या सदऱ्यानेच खाली बसले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

यंदा शिमग्यानंतर काका गेले. जेवून दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. मला रडू आलं नाही. शेजारी बसून मी त्यांच्या बोटांना हात लावला. ती आधीही गारच असायची. मला काहीच वाटेना, आणि वाटत नाही याचंही काही वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मी अळ्यांना खायला घातलं. आठ-दहा दिवस असेच गेले.

बारावं झाल्यावर आम्ही वाळल्या अळ्या चाळत होतो. एकजण म्हणाली, "काका चुकले ते एकदाच. त्या पावसात." बाकीच्यांनी माना हलवल्या.

"ते पिंप मी ओतलं होतं," मी म्हटलं.

चाळण थांबली नाही. "ठाव हाय," ती म्हणाली. "सुक्या म्हावऱ्याचा वास तुज्या पदराला येत होता. आमाला नाय कळनार?"

"मग बोलला का नाहीत?"

"काका बोलले ना, माजी चूक. मग आमी कोन बोलनार?"

मी उठले. पहिल्या क्रेटपाशी गेले आणि बाही वर सरकवली. माझी बोटं धड आहेत, बोटांनीही कळलं असतं. तरी कोपर घातलं. आत अळ्या वळवळत होत्या, कोपराला ऊब लागली. चौघी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. ऊब आहे, एवढंच सांगायचं होतं. काकांसारखे डोळे मिटले, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.