खिडकीपुरती हरकत

रफूवाल्या काकूंचं सगळं आयुष्य एका खिडकीवर चाललं होतं. उंदराने कुरतडलेला कोट असो की सिगारेटने जळलेली शाल, काकू त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायच्या आणि असं विणायच्या की गिऱ्हाईकच विचारायचं, "काकू, भोक होतं कुठे?" हे काम दिव्याखाली होत नाही. काळ्या कापडातला काळा धागा दिव्याखाली ओळखून दाखवा, मग बोला!

आणि समोरच्या मोकळ्या जागेवर पाटी लागली. पाच मजले होणार. हरकत असल्यास पंधरा दिवसांत, शुल्क भरून नोंदवा. म्हणजे उजेड आपला जाणार, आणि नेऊ नका म्हणायचे पैसेही आपणच भरायचे. घ्या!

गल्लीने डोकं चालवलं. सगळ्यांनी कशाला भरायचं? वर्गणी काढून एकच शुल्क भरलं आणि एका कागदावर एकतीस सह्या ठोकल्या. शेवटच्या दिवशी काकू ऐटीत कचेरीत चौकशीला गेल्या. कारकून भला माणूस, हळूच म्हणाला, "काकू, एक पावती म्हणजे एकच हरकत, सह्या कितीही असोत. पाच हरकती आल्या तरच सुनावणी. आज पाचला काउंटर बंद होईल."

नको तिथे काटकसर केली! काकू धावतपळत गल्लीत आल्या, तर भरदुपारी जवळजवळ सगळ्या दारांना कुलपं. इस्त्रीवाला, निवृत्त मास्तर आणि दूधवाली तेवढे भेटले. तिघेही "अजून एक हवा!" असं ओरडत तसेच कचेरीकडे पळाले. चार झाल्या.

पाचवं दार जावेचं. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून दोघींनी नऊ वर्षं अबोला धरलेला. काकू दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला आणि मागे फिरल्या. स्वभावाला औषध नाही. घरी येऊन त्या खिडकीत बसल्या आणि रडल्या.

आठ दिवसांनी सुनावणीचं पत्र आलं! पाचवी हरकत कुणाची, ते काकूंना तिथे गेल्यावर कळलं. जाऊ पहिल्याच बाकावर बसली होती.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नकाशा पाहिला. "बाई, तुमचं घर मागच्या अंगाला आहे. तुमचा उजेड कुठे जातोय? तुमचं नुकसान काय?"

"वा! नुकसान नाही कसं?" जाऊ उठली. "हिचे डोळे गेले, तर मी भांडू कुणाशी?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण उठून काकूंच्या घरी आले, खिडकीतल्या त्यांच्या खुर्चीत बसले, आणि एवढ्या उजेडातही सुईत दोरा ओवायला त्यांना चार वेळा प्रयत्न करावा लागला. वरचे तीन मजले खिडकीपासून मागे सरकवून बांधायचा हुकूम निघाला. दुपारपर्यंतचा उजेड वाचला.

साहेब गेल्यावर दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. काकूंना खूप बोलायचं होतं, पण नऊ वर्षांनी सुरुवात तरी कुठून करायची?

"बाही उसवलीय तुझी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी घेऊन ये. उजेड असतो."