धक्क्यावरचं धुकं

बंदराच्या कचेरीत त्याला सगळे 'धुकं' म्हणत. काचेच्या निगेटिव्हवर बारीक ब्रशाने लाल रंग चढवायचा, हे त्याचं काम. जिथे लाल रंग, तिथे छापलेल्या फोटोत नुसतं पांढरं. साहेब बोट ठेवून म्हणायचे, "इथे जरा धुकं करा," की वाळत घातलेले कपडे, हातगाड्या, पेंगणारे हमाल सगळे गायब. उरायचा तो लख्ख धक्का. पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं असा.

एकदा साहेबांचं बोट पाण्याकाठच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडलं. त्यातली तिसरी त्याचीच. फोटो काढणार म्हणून त्याची ताई केस विंचरून सकाळभर दारात उभी राहिली होती. हे आमचं घर, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. लाज वाटली, दुसरं काय. रंगाच्या एका हातात ताई पुरती झाकेना, म्हणून त्याने दुसरा हात दिला. घरी मात्र सांगितलं, फोटो छान आलाय.

आता म्हातारपणी त्याच खोल्या उठवून तिथे फिरायला रस्ता व्हायचा होता. वस्ती जुनी असल्याचा पुरावा दिला तर बदली घर, नाहीतर चालते व्हा. घरातल्या कागदांचा पाणी शिरून केव्हाच लगदा झाला होता. पण ताई निर्धास्त होती.

"अरे, माझा फोटो आहे ना दारातला. जा, घेऊन ये."

तो गेला. बंदराचे जुने फोटो आता एका संग्रहालयात होते. तिथल्या बाईंनी हातमोजे घालून ती काच उजेडावर धरली. पाण्याकाठी लाल पट्टा होता, अजून तसाच.

"ओल्या कापसाने निघेल हो," तो म्हणाला. "मीच लावलाय तो."

बाईंनी काच चटकन मागे घेतली. "आजोबा, हात नका लावू. अशी कारागिरी आता कुठे राहिली? हा रंगच तर आम्ही जपतोय."

"त्याच्याखाली माझी बहीण आहे."

"हो का? तशी नोंद करून ठेवते," बाई मायेने म्हणाल्या, आणि त्याचं काम दाखवायला त्यांनी आतून चौघांना बोलावलं. चौघांनीही माना डोलावल्या. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात पहिल्यांदा कुणी कौतुक केलं होतं, आणि तेही कशाचं!

ताई दारातच उभी होती. "मिळाला? मी दिसते ना त्यात?"

"धुकं होतं गं त्या दिवशी."

"काहीतरीच काय," ताई म्हणाली. "चांगलं कडक ऊन होतं. डोळे मिटू नयेत म्हणून किती धडपडले मी."