तांबेकाकांचा डावा पाय

"दुखेल," असं तांबेकाका प्रत्येकाला सांगत. दंडाला रबरी पट्टा आवळला, कापसाच्या बोळ्याने जागा पुसली, की सुई टेकवण्याआधी ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत आणि एवढा एकच शब्द बोलत. लॅबमधले आम्ही बाकीचे सगळे "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं" म्हणायचो. तशी पद्धतच होती. एका बाईंनी आमच्या मॅडमना फोन करून तक्रार केली होती, की तुमचा माणूस आधीच घाबरवून सोडतो. पुढच्या महिन्यात त्याच बाईंचा फोन आला, "त्यांनाच पाठवा, त्या दुखेल म्हणणाऱ्यांना."

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं काम शिकायला मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला एका इमारतीच्या जिन्यात थांबवलं, शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"घे. पहिली चूक माझ्यावर कर. पेशंटवर नको."

मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा शीर सापडली. त्यांचा हात पुढे आठवडाभर निळाजांभळा होता आणि कुणी विचारलं तर "पोरीला शिकवतोय" म्हणून ते हसत. तांबेकाका तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. काटकुळे, तेल लावून मागे वळवलेले केस, खिशाला पेन, खांद्याला बर्फाची पेटी. कोपरला राहायचे. "मी कोपरचा, काम कोपराचं," हा त्यांचा विनोद मी शंभर वेळा ऐकला असेन आणि प्रत्येक वेळी तो त्यांनी नवा असल्यासारखा सांगितला.

गाडी त्यांना चालवता येत नसे. डोंबिवली पश्चिमेच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती त्यांच्या वाट्याला होत्या आणि सकाळी सहापासून ते त्या पायांनीच संपवत. मी मागे धापा टाकत असायचे. एकदा मी म्हणाले, "काका, आज हा अकरावा जिना." त्यांनी वळून पाहिलं. "जिने मोजायचे नसतात. मोजले की गुडघ्याला कळतं."

कुणाची शीर कोणत्या हातात, कुणाला रक्त बघून घेरी येते, कुणाचा मुलगा परदेशातून फोन करत नाही म्हणून तो विषय काढायचा नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. चौथ्या मजल्यावर सोमणआजी एकट्या राहत. त्यांचं रक्त घेऊन झालं की काका स्वतः गॅस पेटवून चहा ठेवत आणि आजींनी पहिला घोट घेतल्याशिवाय उतरत नसत. "उपाशीपोटी बोलावतो आपण त्यांना," ते म्हणत. "आपण निघालो आणि त्या पडल्या, तर रिपोर्ट कुणाला देशील?"

शिकून झाल्यावर मॅडमनी मला शहाडच्या सेंटरवर टाकलं. तिथे काउंटरवर बसायचं, नावं लिहून घ्यायची, नळ्यांना स्टिकर लावायचे, आलेल्यांचं रक्त घ्यायचं. सकाळी आठ ते रात्री आठ. माझी मुलगी सई तेव्हा दोन वर्षांची होती. मी निघायचे तेव्हा झोपलेली, पोचायचे तेव्हा पेंगुळलेली. ती सासूबाईंना आई म्हणायला लागली होती. सासूबाई ते हसत सांगायच्या. मीही हसायचे.

त्या सकाळचं मला नंतर काकांनीच सांगितलं. एका इमारतीत दुरुस्ती चालली होती, जिन्याच्या शेवटच्या पायरीची लादी काढून ठेवली होती आणि दिवा नव्हता. डावा पाय वाकडा पडला. काडी मोडावी तसा आवाज आल्याचं त्यांना कळलं. पेटी मात्र त्यांनी हातात वर धरली होती, एकही नळी फुटली नाही. खरं तर तिथेच बसून लॅबला फोन करायचा. पण अजून तीन घरं राहिली होती आणि तिन्ही घरी म्हातारी माणसं रात्रीपासून उपाशी होती. काकांनी बुटाची नाडी घट्ट आवळली आणि तिन्ही घरं केली. त्यांतलं एक सोमणआजींचं. त्यांनी चहासुद्धा ठेवला.

डॉक्टर म्हणाले, करंगळीमागचं, पायाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलंय. तेव्हाच पाय उचलला असता तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं, पण एवढं चालल्यामुळे ते जागचं सरकलंय. ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागला. वर सहा आठवडे प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय मोडल्यावर जिने चढायला त्यांना सांगितलं कुणी?" आणि मग माझ्याकडे वळून, "वैशाली, तुझ्याकडे स्कूटी आहे ना? ते येईपर्यंत त्यांचा एरिया तू बघ."

मी सहा ते अकरा काम करू लागले. साडेअकराला घरी. सईला मी माझ्या हाताने वरणभात भरवला आणि दुपारी ती माझ्या पोटावर पाय टाकून झोपली. पहिल्या दिवशी मी झोपले नाही, तिच्याकडे बघत पडून राहिले.

परतताना वाटेत काकांचं घर लागायचं. तिसरा मजला, तिथेही लिफ्ट नाही. शालिनीकाकू शिवणाच्या मशीनवर आणि काका खाटेवर, उशीच्या थप्पीवर पाय. मी त्यांना त्यांच्या माणसांच्या बातम्या द्यायचे. "सोमणआजींचा उजवा हात घे, डावीकडे शीर पळते," ते सांगायचे. कधी ते वॉकर धरून एका पायावर घरभर उड्या मारत फिरायचे आणि काकू ओरडायच्या, "अहो, दुसराही मोडून घ्या आता!"

प्लास्टर निघालं तेव्हा मी तिथेच होते. काकांनी पायावरून हात फिरवला. पोटरी मनगटाएवढी झाली होती, कातडीचे पापुद्रे निघत होते. एवढा चालता पाय, तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. "ह्याला ओळख द्यावी लागेल परत," एवढंच ते म्हणाले.

मग जे त्यांनी केलं, ते मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा, पन्नास वेळा. फिजिओच्या ताईंनी सांगितलं होतं, पायावर एकदम भार द्यायचा नाही, वजनकाट्यावर पाय ठेवून रोज थोडा वाढवायचा. काकूंनी शेजारून काटा मागून आणला. मी दारात चपला काढत असले की आतून आवाज यायचा, "वैशाली, आज पंधरा किलो तांबे जमिनीवर उतरला!" दुसऱ्या आठवड्यात तीस किलो. पन्नासला पोचले तेव्हा काकूंनी शिरा केला. संध्याकाळी पाय सुजून भाकरीसारखा व्हायचा. मग बर्फ, मग पुन्हा उशी. सकाळी पुन्हा टॉवेल.

वॉकर गेला, काठी आली. काठी गेली. पहिल्यांदा जिना उतरले तेव्हा मी पुढे होते. कठडा धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. "चढायचं सोपं गं," ते म्हणाले. "उतरताना त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो. त्याने एकदा दगा दिलाय ना." खाली पोचल्यावर ते कंपाउंडमधल्या बाकावर बसले आणि रडले. मी दुसरीकडे पाहिलं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा मी एके दिवशी गेले तर ते घरात नव्हते. जिन्यातून पावलं ऐकू आली. खांद्याला त्यांची जुनी पेटी, आत पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. खालपासून गच्चीपर्यंत चौथी फेरी चालली होती. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. डावा पाय किंचित, अगदी किंचित, ओढल्यासारखा पडत होता. मला तो दिसला, कारण मला तो ठाऊक होता.

"एक तारखेपासून येतो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी हो म्हटलंय. मॅडमना सांगशील? तुझी रोज गाठ पडते."

"सांगते काका," मी म्हणाले.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस गेले. आणि पाचव्या दिवशी मॅडमनीच विचारलं. त्या कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होत्या, मी पेटीतून नळ्या काढत होते.

"तांबे कसे आहेत गं? चालतात का नीट? जिने जमतील त्यांना?"

घरी सासूबाईंनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, सई आता दुपारी माझ्याशिवाय झोपत नाही.

"चालतात मॅडम," मी म्हणाले. "पण... थोडं लंगडतात."

मॅडमनी मान हलवली. "तेच म्हटलं. ह्या वयात पुन्हा पडले तर आपल्याच गळ्यात. बसून काम देऊ त्यांना. शहाडला जागा आहेच." आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळल्या. एवढंच झालं. मी नळ्या रॅकमध्ये लावल्या. एकही हातातून सुटली नाही.

एक तारखेला तांबेकाका इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी घेऊन लॅबमध्ये आले आणि मॅडमच्या केबिनमधून पेटीशिवाय बाहेर पडले. मी गाडीपाशी होते. ते माझ्यापर्यंत चालत आले. मला वाटलं, ओरडतील. मला ते हवंही होतं.

"मॅडम म्हणाल्या, वैशालीनेच सांगितलं."

"काका, मी खोटं नाही बोलले हो..."

"नाही. खोटं नाहीच बोललीस. लंगडतोच मी." ते माझ्या डोळ्यांत बघत होते. "पण त्याच्या पुढचं वाक्यही तुला ठाऊक होतं. पेटी घेऊन चार वेळा गच्चीवर जातो, हे. तू ते ठेवून घेतलंस."

मी सईचं काहीतरी बोलायला लागले. ती लहान आहे, तिला सवय झालीय, असं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला विचारायचंस ना. मी दिला असता गं तुला एरिया. अर्धा तर नक्कीच."

ते शहाडला जाऊ लागले. आठ ते आठ, मी बसायचे त्याच खुर्चीवर. नावं लिहायची, स्टिकर लावायचे. तिथे त्यांच्या जोडीला असलेली मुलगी मला नंतर म्हणाली, ते पेशंटला काहीच सांगत नाहीत, मुकाट्याने सुई घालतात. दिवसभर बसून त्यांचा घोटा आखडायला लागला. उठताना टेबल धरावं लागे. रात्री कोपरला घरचा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागे. टॉवेल गोळा करायला सकाळी वेळच उरत नसे. पावसाळ्यात काठी परत आली. ते एकदा लॅबमध्ये आले तेव्हा त्या काठीकडे बोट दाखवून मॅडम मला म्हणाल्या, "बरं झालं आपण त्यांना फिरतीवर नाही पाठवलं."

मी "हो" म्हणाले.

त्यांच्या घरी मी जाणं सोडलं होतं. एकदा बाजारात शालिनीकाकू समोर आल्या. मी भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधू लागले. त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. "शोध शोध," म्हणाल्या. "ह्यांनी तुझ्यावर कधी बोट ठेवलं नाही. मला म्हणाले, लेकरासाठी केलं तिने. मी ह्यांच्यासारखी नाही." आणि निघून गेल्या.

वर्षाच्या आतच काकांनी नोकरी सोडली. कोपरचं घर भाड्याने देऊन दोघं काकूंच्या माहेरी, महाडकडे जाणार असल्याचं कळलं, तेव्हा मी गेले. सामान टेम्पोत चढलं होतं. काका काठी टेकत जिना उतरत होते, आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. शेवटच्या वळणावर मी हात पुढे केला.

"नको," ते म्हणाले. रागाने नाही. अनोळखी माणसाला म्हणावं तसं. "सवय आहे."

खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, सोमणआजी कशा आहेत. मी म्हणाले, बऱ्या आहेत. चहा ठेवतेस का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मला ठाऊक नाही. मला अकराच्या आत सगळी घरं संपवायची असतात. टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढताना काकूंनी त्यांना कमरेला धरून वर घेतलं. दार लागलं. त्यांनी काच खाली केली नाही.

ह्याला आता तीन वर्षं झाली. एरिया माझ्याकडेच आहे. सई पहिलीत आहे, दुपारी शाळेतून आली की मी घरी असते. तेव्हा मॅडमनी विचारलं त्या क्षणी मी परत उभी राहिले, तर वेगळं उत्तर देईन का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. छातीवर हात ठेवून हो म्हणता येत नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीचा पश्चात्ताप होतो आणि माणूस बदलतो. मला पश्चात्ताप झाला, आणि मी त्याच एरियात रोज सकाळी सहाला गाडी काढते.

जुनी माणसं अजून विचारतात. परवा सोमणआजींनी बाही वर करता करता विचारलं, "अगं, ते तांबे कुठे असतात हल्ली? अचानक यायचेच बंद झाले."

"गावाला गेले आजी," मी पट्टा आवळत म्हणाले. "पाय मोडला होता ना त्यांचा."

"अरेरे," आजी म्हणाल्या आणि उजवा हात पुढे केला.