कणगीतली नवरी आणि माझा दात

मला हे लिहायचं नव्हतं, आधीच सांगतो. शुभांगी मॅडमनी गळ्यात मारलं. "तात्या, नवीन पोरंपोरी कामाला येणारेत. त्यांच्या ट्रेनिंगला तुमचे किस्से लिहून द्या."

मी म्हटलं, "मॅडम, मी चौथी पास. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हीच लिहा की!"

तर म्हणतात, "मी लिहिलं की त्याचा रिपोर्ट होतो."

आमच्या संस्थेत किस्से न मागता जमतात. पोरांना कामावरून सोडवायचं, शाळेत घालायचं, पोरींची लग्नं थांबवायची, हे आमचं काम. चपलेला चिखल लागावा तसा रोज एक तरी किस्सा चिकटून घरी येतो. सगळे लिहीत बसलो तर मधेच मरेन. म्हणून एकाच पोरीचे लिहितो. तारा म्हणू तिला. (खरी नावं लिहायची नाहीत, मॅडमचा नियम. पण ज्याचं त्याला बरोबर कळेल!) ही पोर दहावीला बसणार की बोहल्यावर चढणार, एवढाच प्रश्न होता. त्यात माझा पुढचा दात गेला. ज्यानं पाडला त्यानं अजून माफी मागितलेली नाही. त्याचं पूर्ण नाव-गाव शेवटी लिहितो. तोवर त्यानं विचार करावा.

*

मी मूळचा टेम्पोवाला. पिंपळगावहून द्राक्षं वाहायचो. जिल्ह्यातला एकेक पाडा, एकेक मळा पाठ. मॅडम तेव्हा नव्या होत्या आणि रोज कुठंतरी चुकायच्या. शेवटी मला बोलावलं. इंटरव्ह्यू घेतला म्हणे!

"अनुभव काय?"

"चाळीस वर्षं द्राक्षं वाहिली. एक मणी फुटू दिला नाही."

"तात्या, मुलं म्हणजे द्राक्षं नाहीत."

"खरंय. द्राक्षं रडत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून कामावर.

*

तारा पहिल्यांदा भेटली ती द्राक्षाच्या मळ्यात. पेठकडची माणसं सीझनला इकडं मजुरीला येतात, सोबत पोरंही येतात. मॅडम वही उघडून पोरांची नावं लिहीत होत्या. ही बारा-तेरा वर्षांची, हातात कात्री, घड विरळायचं काम चाललेलं. नाव सांगेना.

"सांग ना बाळा."

"मागच्या साली पन एक मॅडम आली होती. नाव लिहून गेली. शाळा कुठं हाय?"

मॅडमनी वही मिटली. मी गाडीचं दार उघडलं. पण पोरीला असं उचलून नेता येत नाही, बापाची सही लागते. बाप सोमनाथ. उंच, काटक, कमी बोलणारा. सगळा कागद मॅडमनी त्याला वाचून दाखवला. त्यानं एकच विचारलं, "वसतिगृहात चपात्या किती देतात?"

मॅडमना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पोट भरेपर्यंत!"

सही झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजून आलो. तीन. चौथी मागितली की देतात.

*

आता आमची जीप. पांढरी. बाजूला एवढं मोठं हसणारं बाळ रंगवलंय. कुठल्याही पाड्यावर शिरलो की पोरं बोंबलत सुटतात, "सुई आली, सुई आली!" आणि सगळी डोंगरात! त्यांना वाटतं, लसवाले आले. रंगवलेलं बाळ हसतंय आणि खरी बाळं रडतायत, असा आमचा प्रवेश.

मी मॅडमना दहादा सांगितलं, "कांद्याच्या टेम्पोतून जाऊ. टेम्पोला कोणी भीत नाही."

"तात्या, संस्थेचं काम संस्थेच्याच गाडीनं करायचं."

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

*

यंदा परीक्षेच्या तेरा दिवस आधी फोन आला. ताराचा. अंगणवाडीच्या ताईंचा मोबाइल घेऊन बोलत होती.

"तात्या, आजी लय आजारी हाय म्हनून मला घरी आनली. आजी तर भात कांडते! उद्या माझी हळद हाय."

"आणि परीक्षा?"

"हॉल तिकीट बापाच्या पेटीत हाय. कुलूप लावलंय." मग म्हणाली, "तात्या, आता तरी फक्त नाव लिहून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. मॅडम, मी, एक हवालदार. संस्थेच्या गाडीनं! पाड्याच्या चढावरच पोरांनी बोंब ठोकली, "सुई आली!" आम्ही मांडवात पोचेपर्यंत सगळं कसं शिस्तीत. हळद लावलेली नवरी पाटावर. ती तारा नव्हतीच! ताराची चुलत बहीण. वय एकोणीस. कागद तयार. सोमनाथ म्हणतो, "लगीन हिचं हाय. तारा गेली मामाच्या गावाला."

ग्रामसेवक तिथंच होता. गावातले बालविवाह थांबवायचं काम सरकारनं त्याच्याकडे दिलेलं. तो पंगतीत बसला होता. मॅडमनी विचारलं, "साहेब, तुम्ही इथं कसे?"

"मी... पाहणी करतोय."

"वरणात?"

मॅडम कागद चाळत बसल्या. मला म्हणाल्या, "तात्या, तुम्ही गाडीत बसा." बसतोय मी! पाणी प्यायच्या निमित्तानं घरात शिरलो. जमिनीवर भाताचा ढीग, नुकताच ओतलेला. आणि शेजारी कणगी, वर घोंगडी टाकून झाकलेली. आयुष्यभर माल वाहिलाय मी. कणगी असताना धान्य जमिनीवर कोण ओततो? कणगीत दुसरं काही ठेवायचं असेल तोच!

मी कणगीवर टिचकी मारली आणि हळूच विचारलं, "तारा, हॉल तिकीट कुठाय?"

आतून आवाज आला, "बापाच्या पेटीत!"

*

तारा बाहेर निघाली, केसांत भाताचे दाणे, अंगभर हळद. पाटावरच्या नवरीची हळद फक्त तोंडाला होती.

मग सोमनाथनं दुसरा कागद काढला. त्यात तारा अठरा पूर्ण! शाळेच्या दाखल्यात पंधरा. तो म्हणे, "मास्तरनं अंदाजे लिहिलंय." दोन कागद, दोन तारखा. मॅडम, ग्रामसेवक, हवालदार तिघं डोकं लावून बसले. मी आजीजवळ जाऊन बसलो. चांगली ठणठणीत होती.

"आजी, मागच्या कुंभमेळ्याला गेला होता का?"

"गेलो तर! त्र्यंबकला. एसटीनं."

"तारा होती?"

"कडेवर होती ना माझ्या! कंडक्टर मेला अर्धं तिकीट काढ म्हने. मी बी भांडले. पोर पाच वर्साची नाय अजून, का म्हनून काढू?"

कुंभमेळ्याला किती वर्षं झाली हे आमच्या जिल्ह्यात कुणाला विचारावं लागत नाही. हवालदार बोटं मोजायला लागला आणि पाचात दहा मिळवून पंधरावरच थांबला.

सोमनाथच्या डोळ्यांत रक्त उतरलं. आईवर हात टाकता येईना. हवालदारावर तर नाहीच. मॅडम बाईमाणूस. मग उरलो मी!

दात ग्रामसेवकाच्या पत्रावळीत पडला. तेव्हा कुठं त्यानं जेवण सोडलं.

हवालदार केस करायला निघाला. मी नको म्हटलं. केस केली असती तर बाप आत गेला असता आणि पोर मांडवात पुढंपुढं करणाऱ्या काकाच्या ताब्यात. तो काका मला जास्त घाईचा दिसत होता. सोमनाथनं हमीपत्रावर सही केली, अठराच्या आधी लग्न करणार नाही म्हणून. मी तोंडाला टॉवेल लावून म्हटलं, "आणि माफी?"

तो म्हणाला, "तुमी माझा मांडव मोडला."

बाल कल्याण समितीनं पोरीला विचारलं, कुठं राहशील? ती म्हणाली, वसतिगृहात. मॅडम तिला घेऊन गेल्या. पण पेटीची किल्ली सोमनाथच्याच कमरेला.

*

पहिला पेपर. मराठी. मी ताराला घेऊन सेंटरवर. मुख्याध्यापक दुसरं हॉल तिकीट काढण्यासाठी आत फोनाफोनी करत होते. पोर गाडीत बसून पेनची टोपणं काढ-घाल करत होती. मी धीर द्यायला तोंड उघडलं की दाताच्या फटीतून शीळ वाजायची तेव्हा.

एवढ्यात समोरून सोमनाथ. चालत. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, पहिली एसटी चुकली असणार. खिडकीतून हात आत घातला. हॉल तिकीट, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. सोबत फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"आजीनं दिलंय," म्हणाला.

तारा पळत आत गेली. तो गेटकडं बघत उभा. मी म्हटलं, "सोमनाथ, आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"दात!"

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "बाकीचे हायेत ना अजून."

*

आता शेवटचा, गेल्या लग्नसराईतला. तारा पास झाली होती, अकरावीचा फॉर्म भरत होती. मला फोन आला. सोमनाथचा!

"तात्या, खालच्या पाड्यावर मांडव घातला हाय. माझ्या मामेभावाचाच हाय. पोर नववीत. जीप आनू नका, पोरं बोंबलतात. टेम्पो आना. आनि पाटावरच्या नवरीपाशी थांबू नका. कणगी उघडा."

"तुला कसं माहीत कणगीचं?"

"त्यानं मलाच विचारलं ना, कुठं लपवू म्हनून!"

मॅडम टेम्पोत बसल्या. हो, टेम्पोत! कांद्याच्या गोण्यांना टेकून. रस्त्यात सोमनाथ चढला, तोंडाला टॉवेल गुंडाळून, भावकीनं ओळखू नये म्हणून. एक पोरगं बोंबललं नाही. कणगी उघडली, पोर आत. मॅडमनी हात दिला, ती बाहेर आली.

तिचा बाप धावला. बरोबर माझ्यावर! माझ्या तोंडावर काही लिहिलंय का, कळत नाही. मी डोळे मिटले. आवाज झाला, पण मला काही लागलं नाही. डोळे उघडले तर मधे सोमनाथ. टॉवेल खाली, ओठ फुटलेला, तळहातावर स्वतःचा दात.

परत येताना दोघं टेम्पोत पुढं बसलो. वाटेत वसतिगृहापाशी थांबलो. तारानं आधी बापाचं तोंड पाहिलं, मग माझं. "आता दोघांनी मिळून एक भाकर खावा," म्हणाली आणि जी हसत सुटली ती खाली बसली.

सोमनाथनं थुंकून माझ्याकडं बघितलं. "तात्या, आता फिटलं."

फिटलं कसं? तो दात दुसऱ्यानं पाडला. माझा पाडणारा अजून तसाच आहे. सोमनाथ काळू भोये, मुक्काम चिंचमाळ, तालुका पेठ.